मुक्कामाचे दिवे आणि गाडीची राखीव ताकद

कोणी बडोद्याहून ऐकत असाल, कोणी इंदूरहून, कोणी बंगळुरूहून. सुट्टी लागली की आपल्यातले बरेच जण आता स्वतःची गाडी काढून लडाख, स्पिती, कच्छचं रण, मेघालय असे लांब जातात आणि हॉटेल सोडून तंबूत राहतात. फार चांगली गोष्ट आहे. अशा लोकांसाठी आजचा विषय साधा आहे. रात्री तंबूपाशी दिवे लावायचे ते गाडीच्या बॅटरीवर, आणि सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली पाहिजे. दोन्ही गोष्टी एकत्र कशा जमवायच्या?

मी आयुष्याची तीस-बत्तीस वर्षं फौजेत काढली. तिथे एक गोष्ट अगदी सुरुवातीला शिकवतात. कितीही लहान तुकडी असो, काही माणसं राखीव ठेवायची. ती आरामासाठी वापरायची नाहीत, सोयीसाठी वापरायची नाहीत. वेळ आली की तीच कामाला येतात. गाडीची बॅटरी ही तुमची राखीव तुकडी आहे. एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आधी बॅटरी काय काम करते ते पाहू. लहान पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते, मोठ्या डिझेल गाडीत ६० ते ७५ची. सेल्फ मारताना ती दोन-तीन सेकंद दीडशे-दोनशे अँपिअर, डिझेलला त्याहूनही जास्त, असा जोर देते. गंमत अशी, की त्यात खर्च किती होतो? पाव अँपिअर-ताससुद्धा नाही. म्हणजे सेल्फला साठा थोडा लागतो, पण जोर भरपूर लागतो. टाकीत पाणी अर्धं आहे, पण नळाला धार नाही, अशी अवस्था बॅटरीची होते. म्हणून दिवे छान जळत असतात, गाणी वाजत असतात, आणि किल्ली फिरवली की नुसतं टक टक टक.

दुसरं, ही बॅटरी खोलवर उतरवण्यासाठी बनवलेलीच नसते. तिच्या आतल्या शिशाच्या प्लेट पातळ असतात. चार-सहा वेळा पूर्ण उतरवली की तिचं आयुष्य कमी झालंच म्हणून समजा.

तिसरं, थंडी. शून्य अंशाला बॅटरीचा जोर साधारण दोन तृतीयांशावर येतो. उणे १८ला तो निम्म्याच्याही खाली जातो. त्याच वेळी इंजिनातलं तेल घट्ट झालेलं असतं, म्हणजे जोर जास्त लागतो. मागणी वाढली, पुरवठा घटला. आणि उतरलेली बॅटरी उणे आठ-दहा अंशांत आतून गोठू शकते. भरलेली बॅटरी मात्र उणे पन्नासलाही गोठत नाही. भरलेल्या बॅटरीत आम्ल तीव्र असतं, उतरलेलीत जवळजवळ पाणीच उरतं, म्हणून हा फरक.

आता हिशेब करू. कागद घ्या. वॉटला १२ने भागलं की अँपिअर मिळतात, त्याला तासांनी गुणलं की खर्च कळतो. पाच वॉटचे चार एलईडी दिवे म्हणजे २० वॉट. साधारण १.७ अँपिअर. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा, पाच तास. खर्च झाला आठ ते नऊ अँपिअर-तास.

आता दुसरा प्रकार पाहा. लोक गाडीचे हेडलाइट लावून त्याच्या उजेडात स्वयंपाक करतात. हॅलोजनचे दोन हेडलाइट म्हणजे ११० वॉट, शिवाय मागचे दिवे. दहा अँपिअर धरा. तीन तासांत तीस गेले. लहान गाडी तिथेच संपली.

फोनचाही हिशेब ठेवा. एक मोठा फोन पूर्ण भरायला साधारण दोन अँपिअर-तास लागतात. चौघांचे चार फोन म्हणजे आठ. तुमच्या सगळ्या दिव्यांइतका खर्च! म्हणून फोन दिवसा गाडी चालू असताना भरायचे. आणि गाडीत फ्रिज असेल, तो सरासरी २० वॉट घेत असेल, तर चोवीस तासांत चाळीस अँपिअर-तास जातात. फ्रिजसाठी दुसरी बॅटरी हवीच. यात तडजोड नाही.

मग किती खर्च करायचा? मी पाळतो तो नियम सांगतो. सपाटीवर, उबदार हवेत, बॅटरी चांगली असेल तर तिच्या एक पंचमांश. थंडीत आणि उंचीवर एक दशांश. बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर त्याच्याही निम्मं. ६५ची बॅटरी असेल तर सपाटीवर तेरा, लडाखमध्ये साडेसहा. म्हणजे ते चार दिवे कच्छमध्ये पाच तास चालतील, लडाखमध्ये नाही. तिथे जेवण होईपर्यंत चार दिवे दोन तास, मग एकच. हिशेब बरोबर बसतो.

नुसत्या हिशेबावर विसंबू नका, मोजा. साधा मल्टीमीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो. इंजिन बंद करून तासभर गेल्यावर, काहीही चालू नसताना मोजायचं. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० म्हणजे पाव, आणि थंडीत सेल्फची आशा सोडा. माझी रेषा १२.४ची आहे. तिच्या खाली दिवे बंद.

बाजारात कमी व्होल्टला आपोआप दिवे तोडणारं यंत्र मिळतं. जरूर लावा, पण ते कितीला तोडतं ते वाचून घ्या. अनेक स्वस्त यंत्रं अकराच्या आसपास तोडतात. त्याने बॅटरी मरण्यापासून वाचते, पण गाडी सुरू होत नाही. आपल्याला १२.२ किंवा वर लावता येणारं हवं.

आता मी एवढा काटेकोरपणा का करतो, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही त्सो मोरीरीजवळ, कोरझोकला मुक्कामाला होतो. उंची साधारण ४,५०० मीटर. शेजारच्या तंबूत एक कुटुंब होतं. त्यांच्या गाडीच्या सॉकेटवर इन्व्हर्टर, त्यावर रंगीत दिव्यांच्या माळा, एक स्पीकर. रात्री दोनच्या सुमारास त्यांच्यातल्या साठीच्या गृहस्थांना धाप लागली. आडवं झालं की जास्त, बसलं की थोडी कमी, आणि खोकला. उंचीवरच्या आजारात ही लक्षणं दिसली की सकाळची वाट पाहायची नसते. ऑक्सिजन आणि औषधं मदत करतात, पण खरा उपाय एकच, खाली उतरणं. मुलाने किल्ली फिरवली. टक टक टक.

फोनला रेंज नव्हती. आमच्याकडे जंपर केबल होती आणि आमच्या गाडीची बॅटरी राखलेली होती. दहा मिनिटांत त्यांची गाडी सुरू झाली. माहेपर्यंत उतरून सिंधूच्या काठाने ते चुमाथांगमार्गे लेहला गेले. गृहस्थ दवाखान्यात बरे झाले. पण शेजारी दुसरी गाडी नसती तर? अशा जागी गाडी हीच तुमची रुग्णवाहिका असते. म्हणून ती राखीव ठेवायची.

केबल लावायचा क्रम पाठ करा. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या उणेला, आणि शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते. काढताना उलट क्रम. बॅटरी गोठलेली वाटत असेल, फुगलेली असेल, तर केबल लावूच नका. आणि ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता चांगली व्यवस्था कशी करायची? सगळ्यात स्वस्त उपाय असा, की रात्री गाडीला हातच लावायचा नाही. चार्जिंगचे कंदील आणि एक २०,००० मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक दिवसा गाडी चालवताना भरून घ्यायची. तेवढ्यावर पाच वॉटचा दिवा बारा तास चालतो. वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्या कुटुंबाला एवढं पुरतं.

वरचेवर जाणाऱ्यांनी डिकीत दुसरी बॅटरी बसवावी. इंजिन चालू असताना दोन्ही भरतात, बंद झालं की दुसरी वेगळी होते. जुन्या गाड्यांत हे काम साधा रिले करतो. अलीकडच्या बऱ्याच बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटर गरजेनुसार व्होल्ट कमी-जास्त करतो, तिथे डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. लिथियम बॅटरी हलकी असते आणि खोलवर वापरता येते, पण शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. थंडीत आधी ऊब, मग चार्जिंग.

वायरकडे दुर्लक्ष नको. दहा मीटरवर २० वॉटचे दिवे नेताना अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर वापरलीत तर सव्वा व्होल्ट वाटेतच जातो. अडीचची वापरली तर पाव व्होल्ट. आणि बॅटरीच्या अधिक टोकाला अगदी जवळ पाच अँपिअरचा फ्यूज हवाच. तंबूच्या कापडाशेजारी वायर तापली तर काय होईल ते सांगायला नको. एलईडी बारा व्होल्टचेच घ्या. इन्व्हर्टरने २३० करून पुन्हा कमी करण्यात दहा-पंधरा टक्के उगाच जातात.

कोणी म्हणेल, इंजिनच चालू ठेवू. नको. तासाला अर्धा ते एक लिटर इंधन जाळून वीस वॉटचे दिवे लावायचे, हा हिशेब आतबट्ट्याचा. त्याहून मोठं कारण कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. तंबूशेजारी किंवा बंद गाडीत झोपून इंजिन चालू ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ.

शेवटचं, उजेड किती हवा याचाही विचार करा. लडाखमधल्या हानलेचा परिसर २०२२ साली काळोख्या आकाशाचं राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तिथे पांढरा झगझगीत दिवा लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात माती टाकणं. मंद, पिवळसर, जमिनीकडे तोंड केलेला दिवा लावा. डोळे वीस-पंचवीस मिनिटांत काळोखाला सरावतात, आणि बॅटरीही वाचते.

झोपण्याआधी चार गोष्टी बघा. दारं आणि डिकी नीट बंद आहेत का, म्हणजे आतला दिवा जळत राहणार नाही. किल्ली चालू अवस्थेत राहिली नाही ना. सॉकेटमधून सगळं काढलं का. आणि गाडीचं तोंड उताराच्या रस्त्याकडे आहे का. रात्री निघायची वेळ आलीच, तर गाडी मागेपुढे करण्यात वेळ जाता कामा नये.

मंडळी, खूप फिरा, तंबूत राहा, मुलांना तारे दाखवा. फक्त राखीव तुकडीला हात लावू नका. जय हिंद.