शिंदेशाहीचा खडा सूर

दिग्रसला आषाढी असो की भीमजयंती, लाउडस्पीकर लागला की गायक प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज हमखास कानी पडतो.

१९३३ साली जन्मलेल्या प्रल्हाददादांना गाणं मिळालं आई-वडिलांकडून. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ने त्यांना घराघरांत पोचवलं. पण भक्तिगीत, भीमगीत, कव्वाली, लोकगीत, काहीही गायले तरी वरच्या पट्टीतला खडा सूर आणि शब्दांची स्वच्छ फेक तीच. २००४ मध्ये ते गेले.

कॅसेटच्या जमान्यात मुलगा आनंद यांच्या ‘नवीन पोपट’ने लग्नाच्या वराती नाचवल्या. नातू आदर्शचा आवाज २०१३च्या ‘दुनियादारी’ चित्रपटातून नव्या पिढीपर्यंत गेला. लोकांनीच मोठं केलेलं असं गायकांचं घराणं महाराष्ट्रात विरळाच!