विमानतळाखालची जमीन

कल्याणजवळ नेवाळी येथे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आखलेली धावपट्टी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना विमानतळ म्हणजे माळावर अंथरलेला लांब-रुंद रस्ता वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्या काळच्या हलक्या विमानांपुरते ते बव्हंशी खरेही होते. आज मात्र तीनशे टनांहून जड विमाने उतरतात, आणि शहरांलगत मोकळी जागा उरते ती बहुधा खाजणाची, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याखाली जाणारी.

ठाणेकरांना जवळचे उदाहरण नवी मुंबई विमानतळाचे आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या या विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून उतरवली गेली, तिचाच दगड भरावाला वापरला गेला, दहा गावठाणे हलवावी लागली आणि उलवे नदीला नवे पात्र खोदून द्यावे लागले. कमळाच्या आकाराच्या इमारतीचे कौतुक पुष्कळ झाले. खरी कसोटी मात्र जमिनीची होती.

खाडीकाठच्या चिकणमातीच्या सूक्ष्म कणांमध्ये पाणी कोंडलेले असते. तिच्यावर भराव घातला की ते पाणी हळूहळू बाहेर पडते आणि जमीन वर्षानुवर्षे खचत राहते, ज्याला अभियंते ‘दृढीकरण’ म्हणतात. सगळी जमीन सारखी खचली तर फारसे बिघडत नाही, पण एक भाग जास्त आणि शेजारचा कमी खचला, की ३,७०० मीटरच्या धावपट्टीला भेगा पडतात किंवा उंचसखलपणा येतो. म्हणून अशा जमिनीत प्लास्टिकच्या निचरा-पट्ट्या ठरावीक अंतरावर उभ्या खुपसतात आणि वर मुद्दाम जादा भराव रचतात. पाण्याला वर यायला जवळची वाट मिळते आणि जे खचायचे ते बांधकामाआधीच, काही महिन्यांत खचून जाते. भरावाखाली ठेवलेल्या लोखंडी पाट्यांची पातळी मोजत राहून, खचणे मंदावल्याची खात्री पटल्यावरच जादा माती काढली जाते. हे काम उद्घाटनाच्या छायाचित्रात येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

वरच्या थरांचेही तर्कशास्त्र आहे. धावपट्टी बहुधा डांबरी असते, कारण तिची डागडुजी रात्रीच्या काही तासांत उरकता येते. विमाने तासन्‌तास उभी राहतात त्या फरसबंद आवाराला मात्र काँक्रीट लागते, कारण सांडलेल्या इंधनाने डांबर विरघळते. कोकणच्या पावसात चाके पाण्यावर तरंगून घसरू नयेत म्हणून धावपट्टीला दोन्ही बाजूंना उतार देतात आणि पृष्ठभागावर आडव्या बारीक खाचा पाडतात.

त्या खाचांतून वाहिलेले पाणी शेवटी खाडीतच जायचे असते, आणि मोठी भरती व अतिवृष्टी एकाच वेळी आली तर ते तुंबू शकते. म्हणूनच भरावाची उंची आणि वळवलेल्या नदीच्या पात्राची रुंदी ठरवताना विमानांइतकाच विचार आसपासच्या वस्त्यांचा करावा लागतो.