कोऱ्या राहिलेल्या डाव्या बाजूविषयी



सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वळसंगसारख्या गावी एखाद्या वयोवृद्ध शेतकऱ्यास अर्धांगवायूचा झटका यावा, शहरातील इस्पितळात उपचार होऊन तो घरी परतावा, आणि मग ताटातील उजवीकडची भाजी, आमटी तो पुसून खात असता डावीकडे वाढलेले मीठ, चटणी, कोशिंबीर मात्र जशीच्या तशी राहत असल्याचे सुनेच्या ध्यानात यावे, तर त्या घरात बहुधा दोनच तर्क निघतात : एक तर म्हातारा हट्टाला पेटला आहे, नाही तर त्याची नजर गेली आहे. हे दोन्ही तर्क त्या माणसावर अन्याय करणारे ठरू शकतात, म्हणूनच आज हा विषय मी निवडला आहे.

मेंदूचा उजवा अर्धगोल भोवतालच्या दोन्ही बाजूंची दखल घेतो, डावा अर्धगोल प्रामुख्याने उजव्या बाजूची. त्यामुळे उजव्या अर्धगोलास, विशेषतः त्याच्या पार्श्विक भागास, रक्तपुरवठा तुटून इजा झाली की डावीकडच्या जगाची दखल घेणारे कोणी उरत नाही. डोळे शाबूत असतात, परंतु अवधान तिकडे वळत नाही. या अवस्थेस एकतर्फी अनवधान म्हणावे. दृष्टीचे अर्धे क्षेत्र गमावलेला रोगी आपली उणीव जाणून मान वळवतो. अनवधान झालेल्यास आपले काही उणे आहे याचाच बहुधा पत्ता नसतो, मग तक्रार तरी तो कशाची करणार?

जे रोगी सांगू शकत नाही ते कागद सांगतो. घड्याळ काढावयास सांगितले असता तो वर्तुळ पुरे करतो, पण बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवतो. फुलाची नक्कल करताना डावीकडच्या पाकळ्या गाळतो. आडव्या रेषेचा मध्य दाखवताना खूण उजवीकडे सरकवतो. मार्टिन अल्बर्ट यांनी 1973 साली मांडलेल्या चाचणीत कागदभर विखुरलेल्या 40 लहान रेषांपैकी प्रत्येकीवर काट मारावयाची असते, आणि सर्व झाल्या असे रोगी निःशंकपणे सांगतो तेव्हा डावीकडच्या रेषा तशाच अस्पर्श राहिलेल्या असतात. मिलान येथे बिसियाख आणि लुझाती यांनी 1978 साली त्याहून विलक्षण गोष्ट दाखवली : शहरातील परिचित चौक केवळ मनात आणून वर्णावयास सांगितला असतानाही रोग्यांनी त्याची डावी बाजू गाळली, आणि समोरच्या टोकास उभे आहोत असे कल्पून पुन्हा वर्णन करावयास सांगताच आधी गाळलेल्या इमारती सांगून आधी सांगितलेल्या गाळल्या.

हस्तकौशल्याचा येथे उपयोग होत नाही. अंतोन रेडरशाइट हा जर्मन चित्रकार 1967 साली आलेल्या अशाच झटक्यानंतर स्वतःच्या चेहऱ्याची चित्रे काढू लागला, तेव्हा आरंभी त्या सिद्धहस्त माणसाच्या कागदाचीही डावी बाजू रिकामी राहिली. पुढील महिन्यांत ती हळूहळू भरत गेली.

तथापि ज्याने आयुष्यात पेन्सिल धरली नाही अशा आजीबाईंचे घड्याळ बिघडले, तर तो मेंदूच्या विकाराचा दाखला मानणे मला सर्वथा गैर वाटते. त्यांच्यासाठी रेषांवर काट मारणे पुष्कळ बरे. स्वीडनमध्ये 1996 साली तर कागदाऐवजी फळीवर 16 ठोकळे सारख्या अंतराने मांडावयास सांगण्याची रीत निघाली. आपल्याकडे वाळवणाच्या कापडावर पापड्या मांडावयास सांगितल्यास उद्देश तोच साधेल, असे मला वाटते. मात्र कोणत्याही एकाच चाचणीवर भरवसा ठेवू नये, कारण एका कागदावर न दिसलेले अनवधान दुसऱ्यावर दिसते.

घरच्यांनी रोग्यावर रागावू नये. ताट मधूनमधून फिरवून द्यावे, वाचावयाच्या पानाच्या डाव्या कडेला ठळक लाल रेघ ओढून तेथून आरंभ करण्याची सवय लावावी, आणि रस्ता ओलांडताना त्याच्या डाव्या अंगाला कोणी तरी अवश्य असावे. पहिल्या तपासणीचा कागद तारीख घालून जपून ठेवावा व पुढच्या खेपेस डॉक्टरांपुढे हजर करावा, म्हणजे डावीकडे किती खुणा वाढल्या हे त्यांना ताडून पाहता येईल.