कचेरीचा गारवा

रायपूरच्या जुन्या शहरात ब्राह्मणपारा नावाची वस्ती आहे. छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे मोहल्ला. आपल्या आळीचा किंवा पाड्याचा भाऊबंद. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून या मुलखाशी मराठी माणसांचा संबंध आहे, त्यामुळे हा शब्द आपल्याला परका वाटत नाही. तरीही वैशाख लागला की मराठी कानाला त्याचा दुसराच अर्थ आधी ऐकू येतो. उष्णतामापकातील पारा येथे ४५ अंशांच्या आसपास घुटमळू लागतो, आणि माणसाला विद्वत्ता नको, सावली हवी, असे होऊन जाते.

जुन्या घरांनी या उन्हाशी एक तडजोड केलेली असे. जाड भिंती, कौलारू छप्पर, पुढे ओसरी आणि मध्ये अंगण. दुपारी दारे-खिडक्या मिटावयाच्या, सांजावल्यावर उघडावयाच्या. त्या घरांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्यांत अंधार असे आणि कोंदटपणाही असे. शिवाय दहा माणसांच्या घराचा उपाय हजार माणसांच्या कचेरीला जसाच्या तसा लागू पडावयाचा नाही. परंतु एक गोष्ट त्या घरांना ठाऊक होती: ऊन आत आल्यानंतर त्याला हाकलण्यापेक्षा ते बाहेरच अडविणे स्वस्त पडते.

आजच्या मोठ्या कचेरीला नेमका याच गोष्टीचा विसर पडलेला दिसतो. थंड देशांत कोवळी रोपे जगविण्यासाठी काचेची घरे बांधतात. ऊन काचेतून आत शिरते, पण आतली ऊब सहजासहजी बाहेर पडत नाही. यालाच हरितगृह म्हणतात. बर्फाच्या मुलखातील ही युक्ती आपण उचलली, पश्चिमेच्या उन्हाकडे तोंड करून काचेची भिंत उभारली, आणि मग आत कोंडलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी वातानुकूलनाची यंत्रे बसविली. दिवे, उद्वाहक, संगणक यांचा खर्च आहेच. परंतु उष्ण प्रदेशातील वातानुकूलित कचेरीच्या विजेचा फार मोठा वाटा या गारव्यावरच खर्ची पडतो.

ही वीज येते कोठून? रायपूरच्या माणसाला त्यासाठी दूर पाहावे लागत नाही. याच राज्यात कोरबा आहे. तेथे कोळशाच्या विस्तीर्ण खाणी आहेत आणि राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचे २६०० मेगावॅटचे केंद्र आहे. भारतातील सगळ्या प्रकारच्या वीजनिर्मितीची सरासरी काढली, तरी एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू पृथ्वीभोवती त्या हरितगृहाच्या काचेसारखेच काम करतो. म्हणजे कचेरी गार करण्याच्या खटाटोपात आपण बाहेरचे अंगण अधिक तापवितो, आणि अंगण तापले म्हणून कचेरीला आणखी गारवा लागतो.

आता थोडा हिशेब करू. सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००९ साली कचेऱ्यांना तारे देण्याची योजना सुरू केली. तिचे माप साधे होते: दर चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिटे? संमिश्र हवामानाच्या प्रदेशातील बव्हंशी वातानुकूलित कचेरी १९० युनिटांच्या आत असली तर तिला एक तारा मिळे. ९० च्या खाली उतरली तर पाच तारे. समजा, एका कचेरीचे क्षेत्रफळ २०,००० चौरस मीटर आहे. १९० आणि ९० यांमधील अंतर शंभराचे. म्हणजे वर्षाकाठी २० लाख युनिटे आणि सुमारे १,४०० टन कार्बन डायऑक्साइड. तेवढीच माणसे, तेच काम, त्याच फायली. फरक फक्त इमारतीचा आणि ती वापरण्याच्या रीतीचा.

वीजबिलात न दिसणारे खर्चही आहेत. वातानुकूलन यंत्रांत वर्षानुवर्षे वापरले गेलेले काही वायू, गळून हवेत गेले, तर त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट ऊब धरून ठेवतात. त्यांचा वापर घटविण्यासाठी २०१६ साली किगाली येथे करार झाला आणि भारताने तो २०२१ साली मान्य केला. दुसरा खर्च बांधकामाचा. सिमेंट करताना चुनखडी भाजावी लागते. भट्टीतील इंधनाचा वायू निराळा आणि खुद्द चुनखडीतून सुटणारा निराळा. म्हणून उभी असलेली इमारत पुन्हा वापरणे हीदेखील बचतच होय. छत्तीसगढ राज्य २००० साली झाले तेव्हा रायपुरातील जुन्या डी. के. रुग्णालयाच्या वास्तूत मंत्रालय थाटले गेले. २०१२ साली मंत्रालय नव्या रायपुरातील महानदी भवनात गेले, आणि २०१८ साली ती जुनी वास्तू पुन्हा रुग्णालय झाली. भिंती त्याच राहिल्या, काम मात्र दोनदा बदलले.

उपाय अज्ञात नाहीत. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ साली आली आणि २०१७ साली ती सुधारली गेली. दिल्लीचे इंदिरा पर्यावरण भवन २०१४ साली उघडले. आपली वीज आपल्याच छपरावरील सौर पट्ट्यांतून मिळवावी, या संकल्पाने ते बांधले गेले. खिडकीवर बाहेरून छज्जा, छपरावर पांढरा लेप, आणि यंत्राच्या जोडीला छताचा साधा पंखा एवढ्यानेही पुष्कळ साधते. वातानुकूलन यंत्राचा अंश एकाने वाढविला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा मंत्रालयाने २०१८ साली सांगितले होते. २४ अंशांवर पंखा चालू असेल तर कोणाच्याही कामात खंड पडत नाही. १८ अंशांवर मात्र मे महिन्यात शाल पांघरून टिपणी लिहिण्याची पाळी येते.

मग अडते कोठे? सरकारी नोकरीतील माणूस म्हणून मला वाटते, ते मालकीपाशी अडते. ब्राह्मणपाऱ्यातील गृहस्थ खोलीबाहेर पडताना पंख्याचे बटण न विसरता बंद करतो, कारण बिल त्याच्या नावावर येते. तोच गृहस्थ कचेरीतून निघताना बटणाकडे पाहतही नाही. त्याची नीयत घरी एक आणि कचेरीत दुसरी असते असे नव्हे. कचेरीचे बिल तिसऱ्याच शाखेत जाते, चौथीच शाखा ते मंजूर करते, आणि जो गारवा उपभोगतो त्याला तो आकडा कधी दिसत नाही. इमारत बांधतानाही हेच घडते. निविदेत कमी दराचा मान राखला जातो. पुढील पन्नास वर्षांच्या बिलाला त्या बैठकीत खुर्ची नसते.

म्हणून माझी सूचना अगदी कारकुनी आहे. प्रत्येक मजल्याला वेगळा मीटर असावा, आणि दर महिन्याला चौरस मीटरमागील युनिटांचा आकडा प्रवेशद्वारापाशी, सर्वांना दिसेल असा लावावा. नव्या इमारतीच्या निविदेत बांधणीच्या खर्चाशेजारी तिच्या वापराचा वार्षिक खर्चही मांडावा. जे मोजले जाते त्याची विचारपूस होते, आणि ज्याची विचारपूस होते त्याला कोणीतरी धनी मिळतो. कोरब्याच्या खाणीतून निघालेल्या कोळशाला आज कचेरीत धनी नाही. तो मिळवून देणे आपल्या हातचे आहे.