डहाणूशेजारचं जव्हार संस्थान

ब्रिटिश अमदानीत डहाणूचा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. त्याला लागूनच डोंगरात जव्हारचं संस्थान होतं, क्षेत्रफळ जेमतेम 800 चौरस किलोमीटर. राज्य महादेव कोळ्यांच्या मुकणे घराण्याचं. परंपरेनुसार जयबा मुकणे मूळ पुरुष, आणि 1343 साली दिल्लीच्या सुलतानाने त्यांचे पुत्र नेमशहा यांना राजा म्हणून मान्यता दिली. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज 1664 साली इथे आले होते, तेव्हा जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी जवळच्या शिरपामाळावर त्यांचं स्वागत केलं असं सांगतात.

आदिवासी घराण्याने सहाशे वर्षं गादी टिकवली, ही गोष्ट आपल्या शाळकरी मुलांना ठाऊक असायलाच हवी! इंग्रजांनी जव्हारला नऊ तोफांच्या सलामीचा मान दिला होता.

शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. त्याच काळात, 1945 साली, शेजारच्या तलासरीतल्या झरी गावी वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. त्यांच्यासोबत किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर होत्या. 1948 साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पुढे 1967 साली हेच यशवंतराव डहाणू मतदारसंघातून, लोकांच्या मतांवर, लोकसभेत गेले.