आपल्या अंगणातले रंगीत सभासद

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. जन्मभर बँकेत काढल्यामुळे मर्यादा ओलांडायची नाही, हे अंगवळणी पडलंय. आज मी अशा सभासदांबद्दल बोलणार आहे, ज्यांची नावं आपल्या सभासद रजिस्टरमध्ये नाहीत, पण जे रोज पहाटे आपल्या आधी हजेरी लावतात.

जुन्या मंडळींना आठवत असेल, पंचवीस वर्षांपूर्वी इथे नुसती काळी जमीन आणि बाभळीची झुडपं होती. मग कुणी दारात कडुलिंब लावला, कुणी शेवगा, कुणी जास्वंद, कुणी लिंबू. झाडं आपण लावली. पक्ष्यांना बोलवायला जावं लागलं नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा मुलाने झूमचा कॅमेरा आणून दिला. पहिल्या महिन्यात माझ्या फोटोंत फक्त रिकाम्या फांद्या आल्या! पक्षी उडाल्यावर माझं बोट चालायचं. आमच्या सौभाग्यवती म्हणायच्या, "फांद्यांचा अल्बम छान झालाय." हळूहळू समजलं की पक्ष्याच्या मागे धावायचं नाही. सकाळी ऊन पाठीशी घेऊन एका जागी बसायचं, पक्षी आपणहून येतो. फोटोत बाकी काही थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, डोळा मात्र स्पष्ट यायला हवा.

जास्वंदीवर येणारा शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. दोन वर्षं मी समजत होतो की आपल्याकडे दोन जाती येतात : एक झळाळता निळा-जांभळा, दुसरा पिवळट, छातीवर मधोमध काळा पट्टा असलेला. बँकेच्या सवयीने फोटो तारखेवार लावले आणि उलगडा झाला. उन्हाळ्यातला निळा आणि दिवाळीच्या सुमाराचा पट्टेवाला, दोन्ही तोच नर! विणीचा हंगाम संपला की तो भरजरी अंगरखा उतरवून साधा होतो.

दुपारी 'टुक टुक' करून आपली झोपमोड करणारा तांबट. भांडी ठोकल्यासारखा आवाज, म्हणून हे नाव. अंग हिरवं, कपाळ लाल. तो वाळलेल्या, मऊ फांदीत भोक पाडून घर करतो. म्हणून शेवग्याची वाळकी फांदी दिसली की लगेच कोयता काढू नका. आणि दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीळपंख. त्याच्या पिसात निळा रंगच नसतो! पिसाची घडणच अशी बारीक असते की त्यातून परतणारा उजेड आपल्याला निळा दिसतो.

आता एक गोष्ट सांगतो, जी आजवर घरातही सांगितली नव्हती. आमच्या अंजिराला शिंप्याने घरटं केलं होतं. पान दुमडून, कोळ्याच्या जाळ्याच्या आणि कापसाच्या धाग्याने शिवलेलं. आत तीन पिल्लं. फोटोत अंधार येत होता, म्हणून मी आडवी येणारी दोन पानं सुतळीने बाजूला बांधली. फोटो झकास आला. पानं सोडायची मात्र विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटं रिकामं होतं. कावळ्याने नेली की कुणी, मी पाहिलं नाही. पण आडोसा मी काढला होता. शिंप्याची जोडी दिवसभर त्या पानाभोवती ओरडत फिरत होती. बाहेर माझ्या फोटोंचं प्रदर्शन आहे, त्यात तो फोटो नाही. तेव्हापासून मी घरट्याचा फोटो काढत नाही. बालमित्रांनो, तुम्हीही काढू नका.

थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी लहानपणी छऱ्र्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग बघून त्यांना कुतूहल वाटलं, आणि ती ओळखून घ्यायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. पुढचं आयुष्य त्यांनी पक्ष्यांना दिलं. त्यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर, आपल्या मारुती चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर. म्हणून महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. चूक झाली तरी तिच्यापासून पुढे जाता येतं, एवढाच अर्थ मी त्यातून घेतला.

म्हणून शेवटी एक विनंती. मागच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवायचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत आहे. चिखल होतो, गाड्या वाढल्यात, विंचूकाट्याची भीती आहे, यात खोटं काही नाही. मागच्या पावसाळ्यात मी स्वतः तिथे घसरलो, आणि या सूचनेला अनुमोदनही माझंच होतं. ते मी आज थोडं दुरुस्त करतोय. ब्लॉक जरूर बसवा, पण कंपाउंडच्या भिंतीलगतची सहा फुटांची पट्टी, तिथल्या झुडपांसकट, मातीचीच राहू द्या. चिमणी दाणे खाते, शिंजीर मध पितो, पण दोघंही पिल्लांना अळ्या-किडेच भरवतात. आणि किडे सिमेंटवर होत नाहीत. त्या पट्टीची झाडलोट आणि छाटणी मी माझ्याकडे घेतो. हातपाय चालतात तोवर.

२०१३ चा उन्हाळा आठवा. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, आपण टँकरची वाट बघत रांगेत उभे होतो. तरी आपल्या माता-भगिनींनी हंड्यातलं तांब्याभर पाणी काढून परसदारच्या परळात ओतलंच. तेव्हा पाणी दिलं, आता सहा फूट माती द्यायची आहे.

दहा मिनिटं झाली. मुलांनो, उद्या सकाळी साडेसहाला वही-पेन्सिल घेऊन आमच्या ओट्यावर या. चहा मोठ्यांना, दूध लहानांना. पक्षी आपले आपण येतील.