चित्र कुणाचं, सही कुणाची?

(वावर, ता. जव्हार येथे महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मी आज चित्रं जमवण्याविषयी बोलणार आहे. काहीजणींच्या मनात येईल, रेशन, रोजगार हमी, दवाखाना सोडून हे काय? पण हा विषयही बाईच्या श्रमाचाच आहे.

मी प्रदर्शनांना जाते तेव्हा एक कोरी वही बरोबर नेते. चित्र काढणारीच्या पुढ्यात ठेवते, पैसे देते आणि एक छोटं चित्र काढून घेते. समोरच्या पानावर तिचं नाव, गाव, तारीख आणि दिलेले पैसे लिहिते. ही सवय मला मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये लागली. कॉमिक कॉन म्हणजे चित्रकथांची जत्रा. भारतात ती २०११ साली दिल्लीत सुरू झाली, पुढे मुंबईतही भरू लागली. मोठ्या कंपन्यांच्या झगमगाटाच्या पलीकडे तिथे साधी टेबलं असतात. स्वतः चित्रकथा रचून, पदरच्या पैशाने छापणारी मुलंमुली तिथे बसतात. टेबलावर दर लिहिलेले: नुसतं पेन्सिलचं इतके, शाईचं इतके, रंगीत हवं तर इतके, आणखी एक माणूस काढायचा तर वर इतके. लोक मुकाट्याने पैसे देतात. चित्र झालं की काढणारी खाली सही करते.

त्याच शहरात आपल्याकडची वारली चित्रं विकायला येतात, तेव्हा तीच माणसं म्हणतात, "पाचशे कसले? तीनशेला द्या." एका प्रदर्शनात मी विक्रेत्याला विचारलं, "हे कोणी काढलं?" तो म्हणाला, "मीच." थोड्या वेळाने म्हणाला, "बारीक काम घरातल्या बाईचं." सही मात्र त्याची एकट्याची.

हे असं का झालं? आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. लग्नात देवचौक लिहायचा तो सवाशिणींनी. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ, बांबूची काडी. धवलेरी गाणार, सवाशिणी लिहिणार, चौकात पालघट देवी बसणार. त्याशिवाय लग्न लागत नसे. ते काम मानाचं होतं, पण त्याला दाम नव्हता आणि सही नव्हती. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले आणि भिंतीवरचं चित्र कागदावर उतरलं. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले. त्यांची थोरवी कोणी नाकारत नाही. पण चित्राला बाजार मिळाला तेव्हा बाजारात जाणारा पुरुष होता आणि भिंतीपाशी राहिलेली बाई होती. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने कलेचं नाव राखलं जातं, काढणारीचं नाव आपोआप येत नाही.

वेगळंही घडू शकतं. मध्य प्रदेशातल्या परधान गोंड दुर्गाबाई व्याम लहानपणी घराच्या भिंती-जमिनीवर डिगणा काढायला शिकल्या. २०११ साली 'भीमायन' ही बाबासाहेबांच्या जीवनावरची चित्रकथा आली. तिची चित्रं दुर्गाबाई आणि त्यांचे पती सुभाष व्याम यांनी काढली आणि पुस्तकावर दोघांची नावं छापली गेली. दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

आता आपल्याकडे बघू. आपल्या किती पोस्टरांवर वारली बाया फेर धरतात! कोपऱ्यात संस्थेचं नाव असतं. काढणारीचं असतं का?

कायदा काय म्हणतो तेही ऐका. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तयार चित्र विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळत नाही. पण पैसे देऊन चित्र सांगून काढून घेतलं आणि काही करार केला नाही, तर कॉपीराइट सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून आधी कागद करा. आणि हक्क लिहून दिला तरी 'हे मी काढलं' हे सांगायचा अधिकार काढणारीकडेच राहतो.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. आपल्या मंडळासाठी चित्र घेताना पहिला प्रश्न, "कोणी काढलं?" दोघांनी काढलं असेल तर दोघांची नावं. सही येत नसेल तर तिने स्वतः एखादी खूण ठरवावी, पक्षी, झाड, काहीही. दर आधी लिहून ठेवायचा. पैसे तिच्या हातात किंवा तिच्या खात्यात. एकदा छापायचं की पुन्हापुन्हा, ते ठरवून लिहायचं. आणि "आपलीच बाई आहे" म्हणून फुकट काढून घ्यायचं नाही. घरात तेच होतं, मंडळातही तेच झालं तर फरक काय?

१९९२ साली कुपोषणाने मुलं गेली तेव्हा वावर-वांगणीचं नाव राज्यभर पोचलं. बाहेरचे अजून या गावांना त्या मृत्यूंवरूनच ओळखतात. इथल्या बायांना काय दिसतं, काय आठवतं, कशाचा राग येतो, हे त्यांच्याच हातून कागदावर येऊ द्या. जेवणानंतर कागद वाटणार आहोत. चित्र कसंही येवो, खाली नाव घातल्याशिवाय कोणीही उठायचं नाही.